प्रेसवाल्याचा यमन

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीखाली, कडुलिंबाच्या सावलीत, एक प्रेसवाला कोळशाची इस्त्री घेऊन उभा असतो. मी सकाळी रियाजाला बसतो तोवर त्याची इस्त्री तापलेली असते. मध्यंतरी घसा बसल्यामुळे पंधरा दिवस माझं संध्याकाळचं गाणं बंद होतं. कपडे द्यायला गेलो तर त्यानं विचारलं, "साहब, आजकल शामवाला नहीं गाते?" शामवाला म्हणजे यमन. सकाळी मी तोडी गातो. रागाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण दोघांचे चेहरे त्यानं वेगळे ओळखले होते. मी त्याला एका विनामूल्य मैफलीला बोलावलं. तो इस्त्री फिरवत म्हणाला, "वहाँ हमारा क्या काम?"

शास्त्रीय संगीत मूठभरांचं आहे का, हा वाद दर काही वर्षांनी पेटतो. एक बाजू म्हणते, कुणालाही मज्जाव नाही, ज्याला गोडी आहे त्यानं यावं. दुसरी म्हणते, ही वरच्या जातींची मिरास आहे, इतरांना तिचं काय? पहिल्या बाजूला प्रेसवाल्याचं उत्तर ऐकू येत नाही आणि दुसऱ्या बाजूला त्याचा प्रश्न.

हे गाणं अवघड आहे, म्हणून ते थोड्यांपुरतं राहणार, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कुस्ती काय सोपी आहे? गाण्याच्या आणि कुस्तीच्या शिक्षणाला आपण एकच शब्द वापरतो : तालीम. कोल्हापुरात शाहू महाराजांनी दोन्हींनाही आश्रय दिला. खासबागचं मैदान त्यांनीच बांधलं आणि अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मानही त्यांनीच दिला. पण लाल मातीची तालीम गावोगावच्या शेतकऱ्यांच्या पोरांपर्यंत गेली, खयालाची तालीम गेली नाही. मेहनत दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो दाराशी कोण उभं होतं यानं.

ते दार उघडायचा मोठा प्रयत्न मराठी माणसांनीच केला, हे विसरता येणार नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर. स्वरलिपी, छापील पुस्तकं, ठरलेला अभ्यासक्रम यांमुळे दरबारातलं आणि कोठ्यावरचं गाणं शाळेच्या वर्गात आलं. त्याच परंपरेतून विनयचंद्र मौद्गल्यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं केलं. भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. कारकुनाच्या घरातली मुलगी तानपुरा घेऊन बसू शकली, ती पलुस्कर आणि भातखंडे या दोघांच्या पुण्याईनं. मीही त्यांचाच ऋणी आहे.

पण या सुधारणेची किंमत कुणी मोजली? जानकी बखले यांनी २००५ साली आलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवलं आहे की, 'राष्ट्रीय संगीत' घडवताना ज्यांच्या गळ्यात ते होतं ते मुसलमान उस्ताद कडेला सरकले आणि गाण्यावर हिंदू, मध्यमवर्गीय मोहोर उठली. गोव्याच्या कलावंत स्त्रियांचंही तसंच झालं. गाणं 'घरंदाज' करण्याच्या भरात, पिढ्यान् पिढ्या ते सांभाळणाऱ्या घरांचाच उल्लेख दबक्या आवाजात होऊ लागला. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर याच समाजातल्या. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानातून जी ध्वनिमुद्रिका अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे.

दुसरी वाटही होती, नाटकाची. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं भातखंड्यांची अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्याच वर्षी रंगभूमीवर 'स्वयंवर' आलं. त्यातल्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी आणि ती गायली बालगंधर्वांनी. भास्करबुवांनी फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांकडून मिळवलेली विद्या त्या पदांतून पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचली. त्याला कुणी थाट शिकवला नव्हता. भीमपलास त्याच्या कानात शिरला आणि मागाहून भजनी मंडळात उमटला. माझ्या मते, परिषदेपेक्षा नाटकानं जास्त दारं उघडली.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीतून आणखी एका मराठी माणसानं प्रयत्न केला. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी १९५२ पासून दहा वर्षं आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. खेड्यातल्या रेडिओवरही खयाल ऐकू येऊ लागला, हे थोर काम. पण त्यांनी सिनेमाची गाणी रोखली, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांच्या आवडीला तुच्छ लेखून त्यांना गाण्याकडे आणता येत नाही, हा त्यातला धडा.

पुढेही प्रयत्न होत राहिले. १९७७ साली आयआयटी दिल्लीच्या किरण सेठ यांनी 'स्पिक मॅके' सुरू करून मोठमोठे कलावंत शाळा-कॉलेजांत विनामूल्य नेले. जातीचा प्रश्न उघडपणे मांडणारे कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा दिल्लीतला कार्यक्रम २०१८ साली आयत्या वेळी रद्द झाला, तेव्हा दिल्ली सरकारनं त्यांना साकेतच्या 'गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस'मध्ये गायला बोलावलं.

तरीही आजचं चित्र समाधानाचं नाही. मिरजेचे शिकलगार कारागीर भोपळ्यातून तानपुरा घडवतात, तबल्याची पुडी कातड्याचं काम करणारे हात बांधतात. मैफलीच्या पत्रिकेवर मात्र यांतलं कुणी क्वचितच दिसतं. गुरूकडे दहा वर्षं घालवायची तर घरचं कुणीतरी पोसणारं लागतं. म्हणून नगरपालिकेच्या शाळेत पूर्ण पगाराचा गायनशिक्षक हवा, कष्टकऱ्यांच्या मुलांना तालमीच्या काळात निर्वाहवेतन हवं. नुसतं तिकीट माफ करून भागणार नाही.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका बागेत मैफल होती. प्रेसवाला आला होता, हे मला मध्यंतरात दिसलं. सतरंजीवर भरपूर जागा होती, पण तो कडेच्या कुंपणाला टेकून तासभर उभाच होता. "बैस" असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मी पुढच्या रांगेत होतो, मीही म्हटलं नव्हतं. मी उठून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "पहला वाला शामवाला ही था ना?"

यमनच होता.