वंशशोध आणि वाङ्मयीन प्रामाणिकता : स्टीव्हन्सनच्या कुलवृत्तान्ताचा विचार

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०–१८९४) मराठी वाचकास परिचित आहे तो साहसकथांचा लेखक म्हणून. सामोआ बेटावरील अखेरच्या वर्षांत त्याने लिहावयास घेतलेला आणि अपुराच राहिलेला ‘रेकॉर्ड्स ऑफ अ फॅमिली ऑफ इंजिनिअर्स’ हा आपल्या स्कॉटिश घराण्याचा वृत्तान्त त्या मानाने दुर्लक्षित आहे.

प्रारंभी तो आडनावाचा माग काढतो. कार्डिनल बीटनच्या पदरी असलेला फ्रेंच न्हावी-शल्यवैद्य हा मूळपुरुष, अशी घरातील दंतकथा होती. १६०३ मध्ये ज्यांचे नाव धारण करणेच गुन्हा ठरले, त्या मॅकग्रेगर कुळाशी नाते जुळावे, ही लेखकाची स्वतःची ओढ. कागदपत्रे मात्र त्याला रेन्फ्र्यू परगण्यातील नीलस्टन पॅरिशमध्ये, जेम्स नावाच्या एका साध्या शेतकऱ्यापाशी आणून सोडतात. हा अपेक्षाभंग स्टीव्हन्सन झाकीत नाही, उलट काहीशा मिस्किलपणे मान्य करतो. मूळपुरुषास पराक्रमी ठरविण्याची घाई आपल्याकडील कुलवृत्तान्तांतही आढळते. त्या पार्श्वभूमीवर हा संयम विशेष वाटतो.

या संयमामागे साधनांचे स्वरूपही आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सक्तीची नागरी नोंदणी १८५५ पासून सुरू झाली. तत्पूर्वीचा आधार म्हणजे पॅरिशच्या नोंदवह्या. त्यांत बहुधा जन्माऐवजी बाप्तिस्मा, विवाहाऐवजी विवाहाची जाहीर घोषणा नोंदली जाई. मृत्यूच्या नोंदी तर तुरळकच. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला आणि तो १७९४ पर्यंत राहिला. गरिबांनी नोंदी टाळल्या असल्यास नवल नाही. अशा वह्यांतील मौनास अभाव समजणे ही वंशशोधकाची नेहमीची चूक होय.

परंतु स्टीव्हन्सनचा संयम एका ठिकाणी ढळतो. त्याचा पणजा ॲलन आणि ॲलनचा भाऊ ह्यू हे वेस्ट इंडीजमध्ये व्यापार करीत. १७७४ मध्ये ह्यू टोबॅगो येथे, तर ॲलन सेंट किट्स येथे मरण पावला. लबाड मुनीमाचा उघड्या होडीतून, बेटामागून बेट केलेला पाठलाग आणि त्यातून जडलेला ताप : येथे नोंदकार मागे पडतो व कादंबरीकार पुढे येतो. प्रसंग रंगतो खरा. पण त्या बेटांवरील व्यापार ज्या गुलामगिरीवर उभा होता, तिच्यावर त्याची दृष्टी स्थिरावत नाही. ज्यांच्या श्रमावर ती संपत्ती उभी राहिली, त्यांच्या वंशजांना नीलस्टनसारखी वही उपलब्ध नाही.

ॲलनची विधवा जीन लिली हिच्या बाबतीत तो अधिक सावध आहे. नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचा अभियंता टॉमस स्मिथ याच्याशी झालेल्या तिच्या विवाहामुळेच मुलगा रॉबर्ट दीपगृहांच्या व्यवसायात आला आणि १८११ मध्ये बेल रॉकचा दिवा उजळला. ‘इंजिनिअरांचे घराणे’ हे शीर्षक पुरुषांचे. त्या घराण्यास व्यवसाय मात्र एका स्त्रीच्या पुनर्विवाहातून लाभला.