प्रो कबड्डी ‘वाढली’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायची आहे. अशा वेळी ‘वाढ’, ‘विकास’, ‘विस्तार’ यांपैकी एक शब्द शीर्षकात हमखास येतो. ‘प्रो कबड्डी लीगचा विस्तार : एक अभ्यास’ हे शीर्षक घ्या. ऐकायला चांगलं आहे, पण त्यात प्रश्नच नाही. आरआरसीसमोर कुणी विचारलं, ‘विस्तार म्हणजे काय मोजणार?’, तर काय सांगाल?

पाचोडच्या माणसाला हा मुद्दा मोसंबीच्या बाजारावरून पटकन कळतो. एखाद्या आठवड्यात आवक वाढली म्हणून बागा वाढल्या असं कुणी म्हणत नाही. पाणी कमी पडलं म्हणून लोकांनी माल लवकर तोडलेला असू शकतो. आवक हा एक निर्देशक आहे, बाग ही वेगळी गोष्ट. लीगच्या बाबतीत मात्र आपण हा फरक विसरतो.

आता आकडे बघा. २०१४ मध्ये ८ संघ होते. २०१७ च्या पाचव्या पर्वात गुजरात, हरियाणा, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशचे संघ आले आणि १२ झाले. प्रत्येकाचे साखळीत २२ सामने, सगळे मिळून १३८. विस्तार झाला, हे कबूल. पण रचना कशी होती? ६-६ संघांचे दोन विभाग. आपल्या विभागातल्या पाच जणांशी तीन-तीन वेळा खेळायचं, समोरच्या विभागातल्या सहा जणांशी एकेकदा, वर एक वाइल्ड कार्ड सामना. यू मुंबा आणि पुणेरी पलटण एकाच विभागात. म्हणजे एका विभागातला तिसरा आणि दुसऱ्या विभागातला तिसरा यांची तुलना करायची झाली तर अडचण, कारण दोघांचे प्रतिस्पर्धीच वेगळे. २०१९ मध्ये विभाग गेले, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरलं. सामने पुन्हा २२च! आकडा तोच, अर्थ वेगळा. तक्त्यात नुसतं ‘२२’ लिहिलंत तर हा बदल दिसणारच नाही.

गुणांचंही तसंच. आधी विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तर १ गुण मिळायचा. २०२५ च्या बाराव्या पर्वात विजयाला सरळ २ गुण झाले आणि बरोबरी टायब्रेकरने सोडवायची ठरली. साखळी सामनेही प्रत्येकी १८. प्रतिस्पर्धी ११, सामने १८. म्हणजे सगळ्यांशी सारख्याच वेळा खेळणं गणितातच बसत नाही. बारा पर्वांची गुणतालिका एकाखाली एक लावून आलेख काढणार असाल तर आधी हे बघा.

सगळ्यात मोहात पाडणारा निष्कर्ष पुढे आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलवर लिहिताना मांडलं की प्रेक्षक टिकायचे तर निकाल अनिश्चित हवा. हे गृहीतक घेऊन तुम्ही विजेत्यांची यादी बघता. तिसरं, चौथं, पाचवं अशी सलग तीन पर्वं पाटणा. मग सहाव्यापासून अकराव्यापर्यंत सहा वेगवेगळे विजेते : बेंगळुरू, बंगाल, दिल्ली, जयपूर, पुणे, हरियाणा. झालं, ‘विस्तारामुळे चुरस वाढली!’

थांबा जरा. पाटण्याचं तिसरं विजेतेपद बारा संघांच्याच पर्वातलं आहे. विजेता शेवटी एका सामन्यावर ठरतो. मधल्या काळात विभाग गेले, लिलावात खेळाडू फिरले, एक पर्व कोरोनामुळे एकट्या बेंगळुरूत झालं. शिवाय नमुना किती? सहा. चुरस मोजायची तर साखळीतल्या सगळ्या संघांच्या विजयांचं प्रमाण एकमेकांपासून किती विखुरलंय ते मोजा.

इंग्लंडच्या रग्बी लीगकडे बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. हा खेळ वेगळा झाला तोच १८९५ मध्ये, सामन्यासाठी गिरणी-खाणीतली पाळी बुडते, त्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही या वादातून. तिथल्या सुपर लीगने २०१५ ते २०१८ मध्ये वरच्या आणि खालच्या श्रेणीतले २४ संघ हंगामाच्या मध्यात आठ-आठच्या तीन गटांत वाटून बघितले. थरार हवा होता. नंतर ते सोडलं. आता संघाची आर्थिक स्थिती, मैदान, प्रेक्षक यांवरही श्रेणी ठरते. म्हणजे स्थैर्य हवंय. प्रत्येक रचना वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असते, म्हणून ‘कुठली रचना चांगली?’ हा प्रश्नच अपुरा. ‘कुणासाठी चांगली?’ हे विचारावं लागतं.

तोच प्रश्न आपल्याकडे लावा. वरच्या टोकाला वाढ झाली यात वाद नाही. २०१८ च्या लिलावात मोनू गोयतला १.५१ कोटी मिळाले, २०२३ मध्ये पवन सेहरावतला २.६०५ कोटी. पण २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, ती पुढच्या पर्वांत पुन्हा झाली नाही. दहाव्या पर्वात सामने बारा शहरांत फिरले, अकराव्यात तीन, बाराव्यात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशी चार शहरं. त्या वर्षी महाराष्ट्राचे दोन संघ होते, पुणेरी पलटण अंतिम सामना खेळली, आणि महाराष्ट्रात एकही सामना नव्हता. पाचोडहून बालेवाडी दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, पण निदान एसटीने जाता तरी येतं.

फिरती लीग महाग पडते, हे आयोजकांचं म्हणणं रास्त असू शकतं. माझा आक्षेप खर्चाला नाही. घरचं मैदान काढून घ्यायचं आणि त्यालाही ‘वाढ’च म्हणायचं, याला आहे. मराठवाड्याला एक संघ द्या ही सूचनाही याच खड्ड्यात पडते. जर्सीवर नाव येईल, पण सामना कुठे होणार? पोरीपोरांना खेळायला काय मिळणार?

तेव्हा शीर्षकातला ‘विस्तार’ खोडा. त्या जागी तीन गोष्टी लिहा : काय वाढलं, कुणासाठी, आणि कशाच्या तुलनेत. तिन्ही एका वाक्यात बसल्या की समजा, तुमच्याकडे विषय नाही, प्रश्न आहे.