‘माय लोबोटॉमी’: फाइलमधला मुलगा

डिसेंबर १९६०. कॅलिफोर्नियात डॉ. वॉल्टर फ्रीमनने १२ वर्षांच्या हॉवर्ड डलीच्या डोळ्यांच्या खोबणीतून टोकदार सळया आत घातल्या आणि मेंदूतले जोड तोडले. ‘माय लोबोटॉमी’ (२००७) हे डलीने चार्ल्स फ्लेमिंगसोबत लिहिलेलं आत्मकथन.

पुस्तकात अंगावर येतं ते ऑपरेशन नाही, फ्रीमनची फाइल. त्यात सावत्र आईच्या तक्रारी आहेत: झोपायला नको म्हणतो, भर दिवसा दिवे लावतो, तंद्रीत असतो, विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणतो. आपल्या घरी यातलं काय ऐकलेलं नाही?

पण पुस्तक सगळा दोष सावत्र आई आणि एका तऱ्हेवाईक डॉक्टरवर टाकून मोकळं होतं, तिथे ते मला तोकडं वाटतं. एगास मोनिझने १९३५ मध्ये पोर्तुगालमध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली. पहिल्या २० रुग्णांना जेमतेम काही आठवडे पाहून निष्कर्ष छापले. १९४९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्याकडे एवढ्या टेस्टिंगवर साधं अॅपही रिलीज होत नाही. फ्रीमन एकटा नव्हता. गच्च भरलेल्या मनोरुग्णालयांना शांत झालेला माणूस बरा झालेलाच वाटत होता.

तरी पुस्तक वाचाच, वडिलांसाठी. ऑपरेशनला संमती त्यांचीही होती. चार दशकांनंतर रेडिओच्या माहितीपटासाठी डली त्यांच्यासमोर बसतो. नकारात्मक गोष्टींचा आपण विचार करत बसत नाही, असं ते सांगतात. डली ओरडत नाही. फाइलमधल्या त्या ‘बिघडलेल्या’ मुलाइतका समंजस माणूस या पुस्तकात दुसरा नाही.