पोरांसमोर नको

घरात भांडण पेटलं की कुणीतरी आवाज खाली आणतं आणि म्हणतं, ‘पोरांसमोर नको.’ मराठी सिनेमाने हा दंडक फारच मनावर घेतलेला दिसतो. ‘श्वास’ (२००४) आला तेव्हापासून मुलाला मध्यभागी ठेवणारे उत्तम चित्रपट मराठीत सातत्याने होत आले. त्यांत कर्ज आहे, जात आहे, आजार आहे, मरण आहे. आईबापांचं भांडण मात्र शोधावं लागतं.

बऱ्याचदा पटकथाच भांडणाची एक बाजू आधी उचलून नेते. ‘किल्ला’त वडील वारलेले आहेत. ‘एलिझाबेथ एकादशी’तही वारलेले आहेत, मागे उरलीय ती त्यांनी बनवलेली सायकल. उरलेली आई कष्टाळू, सोशीक आणि जवळजवळ निर्दोष. या आईची मुळं १९५३च्या अत्र्यांच्या ‘श्यामची आई’पर्यंत जातात. त्या घरातही कर्ज होतं, भाऊबंदकी होती. पण सगळं दिसतं ते मोठ्या झालेल्या, हात जोडून बसलेल्या श्यामच्या आठवणीतून. त्या वयात आईचा राग आला असेल तर तो या आठवणीत केव्हाच विरघळून गेलेला आहे.

मुलाचा चेहरा दाखवणं सोपं असतं. शेखर कपूर यांच्या हिंदी ‘मासूम’मध्ये (१९८३) जुगल हंसराजचा चेहरा विसरता येत नाही, पण सिनेमा त्याच्या डोळ्यांनी पाहत नाही. तो चेहरा आपलं आणि शबाना आझमीच्या पात्राचं मन वितळवायला आहे. मुलाच्या नजरेतून गोष्ट सांगायची तर त्याला जेवढं कळतं तेवढंच प्रेक्षकाला कळू द्यायला हवं, आणि मोठ्यांबद्दल तो जे ठरवेल ते, चुकीचं असलं तरी, ठरवू द्यायला हवं. दुसरी अट आपल्याला जड जाते.

इटालियन दिग्दर्शक डे सिकाने ती १९४३मध्येच पाळली होती. त्याच्या ‘द चिल्ड्रन आर वॉचिंग अस’मधला प्रिको आईला प्रियकराबरोबर जाताना, परत येताना आणि पुन्हा जाताना पाहतो. शेवटी वडील नसलेल्या त्या पोराला भेटायला आई वसतिगृहात येते आणि तो तिच्याकडे पाठ फिरवतो. दिग्दर्शक त्याला समजूतदार करत नाही.

असगर फरहादीच्या ‘अ सेपरेशन’मध्ये (२०११) अकरा वर्षांची तेरमेह आहे. आईला देश सोडायचाय. बापाला अल्झायमर झालेल्या आपल्या वडिलांना सोडून जाता येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पुढे उद्भवलेल्या एका खटल्यात बाप खोटं बोललाय हे मुलगी हळूहळू ताडते. तिने विचारलं की तो नाकारत नाही. तुला वाटत असेल तर जाऊन सांगतो, म्हणतो. निर्णयाचं ओझं अलगद तिच्या दप्तरात गेलं! मग न्यायाधीश विचारतात तेव्हा ती बापाला वाचवणारं उत्तर देते आणि गाडीत बसून मूकपणे रडते. बापावर प्रेम आहे आणि त्याच्यावरचा विश्वास संपलाय, हे त्या एका रडण्यात एकत्र आहे. असा प्रसंग मराठी सिनेमात माझ्या पाहण्यात नाही.

जवळ पोचलेले तीन-चार आहेत. ‘टिंग्या’त (२००८, मंगेश हाडवळे) जखमी बैल विकण्यावरून घरात बापलेकांची जुंपते. मैत्रीण रशिदाच्या आजारी नानीला औषधपाणी होतं आणि चितंग्या बैलाला मात्र खाटकाकडे का, हा पोराचा प्रश्न मोठ्यांना निरुत्तर करतो. पण बाप कर्जाने पिचलेला. दोष परिस्थितीवर जातो आणि बाप सुटतो. ‘फँड्री’तला (२०१३) जब्या बापाच्या हुकमाने डुकरामागे धावतो, तेव्हा त्याला बापाची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. ही गुंतागुंत मात्र नागराज मंजुळे निस्तरत बसत नाहीत. शेवटी जब्याच्या हातातला दगड गावावर फेकला जातो, आणि ते योग्यच आहे.

‘किल्ला’ (अविनाश अरुण) मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणात आलेला चिन्मय आईवरच चिडलेला आहे. ऑफिसात तिच्यावर काय दडपण येतंय हे त्याला अर्धवटच कळतं आणि कॅमेरा त्याला आगाऊ शहाणपण देत नाही. २०१४मध्ये बर्लिनला मुलांच्या ज्युरीने या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं, याचं नवल वाटू नये. सुधाकर रेड्डी यक्कंटींच्या ‘नाळ’मध्ये (२०१८) एका पाहुण्याच्या बोलण्यातून चैत्याला कळतं की ही आपली सख्खी आई नव्हे. मग तीच आई, तेच रागावणं त्याला वेगळं दिसू लागतं. पुरावे गोळा करणारी ही नजर मराठीत नवी होती. शेवटाकडे ती जरा घाईने पाणावते.

आईबापांचं भांडण पडद्यावर न येण्याची कारणं आर्थिकही असावीत. गाव, नदी, पाऊस, पळणारी पोरं महोत्सवांत चालतात, राष्ट्रीय पुरस्कारांत चालतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दाराआड कुजबुजणारे नवरा-बायको पडद्यावर फारसे देखणे दिसत नाहीत. वास्तवात मात्र पुण्या-मुंबईत कौटुंबिक न्यायालयं १९८९पासून चालू आहेत. ताबा कुणाकडे, शनिवार-रविवार कुणाकडे, यांत वाटली गेलेली मुलं तिथल्या बाकांवर बसून मोठी झाली आणि आता स्वतः तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्यातला कुणी पटकथा लिहायला बसला तर आईला देव करण्याची सक्ती त्याच्यावर नसेल.

आणि कदाचित तो कुणी ‘ती’ असेल. टिंग्या, जब्या, चिन्मय, चैत्या: सगळे मुलगेच. मुली बहिणीच्या किंवा पहिल्या प्रेमाच्या जागी उभ्या. ‘नाळ भाग २’मधली (२०२३) चिमी त्यामुळे लक्षात राहिली, अचानक समोर आलेल्या भावाला ती सहजासहजी जवळ करत नाही. त्या हट्टाची गोष्ट पहिल्या दृश्यापासून तिच्याच बाजूने सांगणारा सिनेमा अजून यायचाय.