टायमिंग कव्हरआडचा नाद

तंजावरच्या राजवाड्याभोवतालच्या राजवीथींमधून बिडाच्या सिलिंडरची एखादी जुनी बुलेट सावकाश जाते, तेव्हा सायलेन्सरचा भारदस्त ठेका आपले सारे लक्ष वेधून घेतो. रसिकाने तो क्षणभर बाजूला सारावा आणि चालवणाऱ्याच्या उजव्या पोटरीशी असलेल्या टायमिंग कव्हरकडे कान द्यावा. तिथे या यंत्राचा खाजगी, अंतःपुरातला स्वर आहे.

या बुलेटला टायमिंगची साखळी नाही. क्रँकच्या टोकाला छोटा पिनियन, त्यावर चालणारी कॅमची दोन दातेरी चाके, त्याच्या दुप्पट दात्यांची. म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा त्यांची एक. दाते सरळ कापलेले. एक दाता सुटतो, दुसरा धरतो, आणि त्या हस्तांतरात उरलेली किंचित विसंगती सेकंदाला शेकडो वेळा उमटली की तिचा धक्का न राहता सूर होतो. इंजिन चढले की तोही चढतो.

१९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून या गाड्या निघू लागल्या. त्यांतल्या जुन्या इंजिनांचे दाते आता झिजले आहेत, ओरिजनल भाग हाती लागेलच असे नाही, आणि मग बाहेरचा गिअर घरात येतो. तो बसवला, किक मारली, की गाडी अनोळखी आवाजात गाऊ लागते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. त्याची काळजी मला पूर्णपणे रास्त वाटते. पण आपण आधी त्या आवाजाचे पोत ओळखू या, कारण गोंगाट म्हणून जो एक वाटतो, तो बहुधा दोन निराळ्या गोष्टी सांगत असतो.

वेगाबरोबर चढत जाणारी अखंड शीळ असेल, तर दाते एकमेकांत फार घट्ट बसले आहेत किंवा त्यांच्या बाजूंचा बाक नीट उतरलेला नाही. स्लोवर ऐकू येणारी, वेग दिला की विरून जाणारी खटखट असेल, तर दात्यांमधला प्ले, म्हणजे मोकळी फट, जास्त आहे. ही दुसरी मला विशेष मोहवते. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो तोवर पिनियन चाकाला ढकलत असतो. उतार लागताच व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमलाच पुढे लोटते, आणि दात्याची एक बाजू सोडून चाक दुसऱ्या बाजूवर आदळते. सत्ता अशी निमिषभर हातची सुटते, आणि तोच तो टकटकाट.

त्यात कावेरीकाठचा उन्हाळा. ॲल्युमिनियमचा क्रँककेस पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. क्रँक आणि कॅमच्या चाकांचे स्पिंडल एकमेकांपासून हलकेच दूर सरतात, प्ले वाढतो. थंड असताना शीळ घालणारा गिअर दहा किलोमीटरनंतर गोड होऊ शकतो, आणि थंडपणी मौन पाळणारा वाजू लागतो. म्हणून निवाडा गरम इंजिनावरच करावा.

आणि हे सारे कानानेच, कारण बुलेटच्या तेलाचे पंप त्या कव्हरमध्येच बसवलेले आहेत. कव्हर काढून इंजिन चालवता येत नाही, चाके फिरताना पाहणे आपल्या नशिबी नाही. मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कव्हरवर टेकवून मूठ कानाशी धरतो. तंजावरच्या तुळजाराजांनी आपल्या ज्या नगरीत ‘संगीतसारामृत’ हा संगीतग्रंथ रचला, तिथे हे शोभूनच दिसते. तंजावरी वीणेचे चोवीस पितळी पडदे मेणाच्या थरावर कानाने जुळवतात; मेण मऊ असेतो पडदा केसभर सरकवता येतो. बुलेटसाठी मिळणारे उत्केंद्री कॅम स्पिंडल हीच मुभा देतात: जरा फिरवले की चाक पिनियनच्या जवळ येते किंवा लांब जाते, आणि परका गिअर त्या घरच्या सुरात येऊ लागतो.

मात्र कव्हर चढवण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे, कॅमची पुरी फेरी होऊ द्यावी. बाहेरचे चाक अगदी गोल असतेच असे नाही. कुठेतरी एका जागी बोटांना घट्टपणा जाणवतो. त्या जागेपुरता प्ले राखावा, आणि उरलेल्या फेरीत थोडी टकटक आली तर ती मजेत ऐकावी.