पाठ्यपुस्तकांतील काचस्पंज

प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत पोरिफेरा संघाचे प्रकरण बहुधा एकाच साच्याचे असते. सायकॉनची आकृती, छिद्रे, कंटिका आणि शेवटी यूप्लेक्टेलाविषयी दोन ओळी : काचेच्या जाळीदार नळीत कोळंबीची जोडी जन्मभर अडकून राहते, म्हणून जपानात हा सांगाडा लग्नात भेट देत. गोष्ट खरी आहे, मुलांना आवडतेही. तक्रार एवढीच की, ती सांगून झाली म्हणजे काचस्पंज शिकवून झाला, असा समज होतो.

खरा प्रश्न हा की, भट्टीशिवाय काच झाली कशी? समुद्राच्या पाण्यात विरघळलेली सिलिका अत्यल्प असते. स्पंज ती शोषतो आणि प्रथिनाच्या धाग्याभोवती थरावर थर चढवतो, तेही थंड पाण्यात. दोन थरांमध्ये प्रथिनाचा पातळ पापुद्रा असल्याने तडा तिथेच अडतो. म्हणून ही काच सहज मोडत नाही. आमच्या आगाशीच्या मुलांना सिलिका परकी नाही. भाताच्या पात्याची धार हाताला ओरखडे काढते ती तिच्यामुळेच. धडा शेताच्या बांधावरूनही सुरू करता येईल.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्पंजाला चेतासंस्था नसते, हे बरोबर. त्यावरून त्याच्या शरीरात समन्वयच नसतो, असे ठरवणे चूक. काचस्पंजाचे बरेचसे ऊतक सुट्या पेशींचे नसून अनेक केंद्रके असलेल्या सलग जीवद्रव्याचे असते. त्यातून जाणारा विद्युतसंदेश लीज आणि मॅकी यांनी १९९७ साली नोंदवला. वेग सेकंदाला जेमतेम पाव सेंटिमीटर. पण तो पसरला की स्पंजाचे पाणी खेचणे थांबते.

तिसरी उणीव म्हणजे हा प्राणी दूरदेशीचा वाटतो. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने आपल्या समुद्रांतून आणलेल्या काचस्पंजांवर शुल्झे यांचा ग्रंथ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १९०२ सालीच काढला होता. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ने १९८१ साली तळावरचे मँगनीजचे गोटे वर आणले. २००२ च्या करारानुसार मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांच्या शोधासाठी भारताला मिळाले. मऊ गाळाच्या त्या तळावर अनेक स्पंजांना टणक आधार असतो तो या गोट्यांचाच. गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. उचलला की आधार गेला. असे गोटे काढावेत का, किती काढावेत, हे ठरवण्याची पाळी आजच्या विद्यार्थ्यांवर येणार आहे.

कोळंबीची गोष्ट पुस्तकात जरूर राहावी. तिच्याखाली तीन प्रश्न छापावेत : काच कशी झाली, संदेश कसा गेला, आधार कोणाचा? तोवर शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावेत.