सांगाडा नव्हे, परांची

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाची ऊती पुन्हा वाढवण्यासाठी जो आधार बसवतात, त्या 'स्कॅफोल्ड'ला मराठी विज्ञानलेखनात 'सांगाडा' म्हटलेले आढळते. मला हा शब्द दिशाभूल करणारा वाटतो. सांगाडा कायम राहतो. परांची घर उभे राहिले की उतरवतात.

१९८०च्या दशकात गोरटेक्स, डेक्रॉनचे कृत्रिम अस्थिबंध कायम टिकतील म्हणून बसवले गेले. ते झिजले, तुटले. त्यांच्या कणांनी सांधे सुजले. २००२ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या ऑल्टमन, कॅप्लन व सहकाऱ्यांनी रेशमाचा पर्याय मांडला. सेरिसिनचा चिकट थर काढून, धाग्यांना पिळावर पीळ देत त्यांनी दोर वळला. सोलापूरच्या मागांशेजारी, वळसंगात राहणाऱ्याला यातले मर्म चटकन कळते: बळ धाग्याइतकेच पिळात असते.

पण खरी कसोटी वेळेची आहे. शरीरात रेशमाची ताकद वर्षभरात बरीचशी ओसरते. तोवर नव्या ऊतीने भार पेलायला हवा. परांची आधीच ढासळली तर गुडघा पुन्हा लटपटणार. आजही शल्यविशारद बहुधा रुग्णाचीच कंडरा वापरतात. म्हणजे हे गणित अजून सुटलेले नाही.

'सांगाडा' म्हटले की वाचक 'किती मजबूत?' एवढेच विचारतो. 'कधी विरघळेल?' हे विचारायला 'परांची'च लावते.